बोटीची बॅटरी पावसाळ्यात उपाशी ठेवू नका

नारळी पौर्णिमेचा दिवस होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरात मी गेलो होतो. बोटींना नवा रंग लागला होता, पताका फडफडत होत्या, घरच्या सुवासिनींनी बोटीला ओवाळले होते. समुद्राला नारळ देऊन झाला आणि नाखव्याने मोठ्या उमेदीने किल्ली फिरवली. इंजिनातून 'टक' असा एक आवाज आला आणि पुढे सारे शांत. पुन्हा किल्ली, पुन्हा 'टक'. दोन महिने घरी बसलेले सहा खलाशी बोटीवर उभे, बर्फ भरलेला, डिझेल भरलेले, आणि बोट जागची हलेना. शेवटी शेजारच्या बोटीची बॅटरी उचलून आणली तेव्हा कुठे इंजिन धडधडले.

नाखवा मला म्हणाला, "साहेब, बॅटरी गेल्याच्या गेल्या वर्षी नवी घेतली. कंपनीच फसवी." मी विचारले, "पावसाळ्यात ती कुठे होती?" तो म्हणाला, "कुठे असणार? बोटीतच. दोन महिने तिला हातसुद्धा लावला नाही." बंधूंनो, हातसुद्धा लावला नाही, हाच तर सारा घोटाळा.

आपल्या साप्ताहिकाचे निम्म्याहून अधिक वाचक घाटावरचे आहेत. त्यांना वाटेल की बोटीच्या बॅटरीशी आपले काय देणेघेणे? पण थोडा धीर धरा. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत वर भातशेती आणि आंब्याची कलमे, तर खाली खाडीत होडी, असा संसार चालतो. आणि बोटीत जी बॅटरी असते तीच जात तुमच्या ट्रॅक्टरमध्ये आहे. बोटीचे दोन महिने बंद असतात तसे तुमच्या ट्रॅक्टरचेही असतातच.

बॅटरीच्या पोटात काय चालते?

ही शिशाची बॅटरी काही नवी वस्तू नव्हे. गास्टन प्लांटे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली तयार केली आणि आजही तिचे मूळ तत्त्व तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात, प्रत्येक खण साधारण २ व्होल्टचा. प्रत्येक खणात शिशाच्या दोन प्रकारच्या पट्ट्या गंधकाच्या सौम्य तेजाबात बुडवलेल्या असतात. आपण वीज काढून घेतो तेव्हा तेजाबातला गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो व मागे पातळ पाणी उरते. उलट चार्जर लावला की पट्ट्यांवरचा अंश सुटून पुन्हा पाण्यात येतो आणि तेजाब तेज होते. गाईच्या दुधात पाणी किती हे लॅक्टोमीटर सांगतो, तसे बॅटरीत तेजाब किती उरले हे हायड्रोमीटर सांगतो. दोन्ही यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात.

आता खरी गोष्ट. पट्ट्यांवर बसलेला हा पांढुरका अंश ताजा असतो तोवर मऊ असतो, चार्जर लावला की सहज सुटतो. पण बॅटरी रिकामी किंवा अर्धी रिकामी तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली, तर त्याचे मोठे, कठीण खडे बनतात. बांधावर मिठाचा थर बसावा तसा हा थर बसतो. मग कितीही चार्जिंग करा, तो सुटत नाही. पट्टीचा तेवढा भाग कायमचा मेला. मेकॅनिक याला 'सल्फेट धरला' म्हणतात.

म्हणजे बॅटरी कामाने जितकी झिजते, त्याहून लवकर ती उपाशी पडून मरते. बैल वापरला नाही म्हणून मरत नाही, वैरण न घालता दावणीला बांधून ठेवला तर मरतो. बॅटरीचेही तसेच. ती नुसती पडून असली तरी आतल्या आत थोडी थोडी उतरत असते, आणि आपल्या उकाड्यात थंड देशांपेक्षा लवकर उतरते.

इंजिन भरते ना, मग चार्जर कशाला?

हा प्रश्न मला दर सभेत विचारतात. इंजिनाला डायनामो किंवा अल्टरनेटर असतो, तो बॅटरी भरतो हे खरे. पण पूर्ण भरतो का? जरा हिशेब मांडू.

सेल्फ मारताना बॅटरीतून दोन-तीनशे ॲम्पिअर वीज जाते, पण ती दोन-तीन सेकंदच. तो खर्च अर्ध्या ॲम्पिअर-तासाचाही नाही. खरा खर्च दिवे, वायरलेस, जीपीएस आणि मासे दाखवणारे यंत्र यांचा. हे सारे मिळून ६० वॅट धरले तर तासाला ५ ॲम्पिअर झाले. रात्रभर, म्हणजे १० तास, इंजिन बंद ठेवून जाळे टाकून बसलात तर ५० ॲम्पिअर-तास गेले. १०० ॲम्पिअर-तासाची बॅटरी निम्मी रिकामी झाली.

सकाळी जेट्टीला लागल्यावर अर्धा तास इंजिन मंद चालवून ती भरेल असे पुष्कळांना वाटते. मंद इंजिनावर अल्टरनेटर १०-१५ ॲम्पिअर देत असेल, तर अर्ध्या तासात ५ ते ७ ॲम्पिअर-तास आत गेले. गेले होते ५०. शिवाय बॅटरीचा स्वभाव असा, की पहिले पाऊण पोट ती भराभर भरते आणि शेवटचे पाव पोट अगदी हळूहळू, तासन्‌तास. जे लांब जातात आणि दिवसदिवस इंजिन चालवतात त्यांची बॅटरी भरते. पण खाडीत किंवा किनाऱ्यालगत तास-दोन तासांची फेरी मारून परतणाऱ्याची बॅटरी महिनोन्‌महिने पाऊण पोटीच राहते, आणि वर सांगितलेला कठीण थर तिच्यावर रोज थोडा थोडा चढत जातो. मालक म्हणतो, "मी तर बोट रोज चालवतो."

म्हणून चार्जर हवा. ज्या जेट्टीवर विजेची सोय आहे तिथे बोटीतच कायमचा बसवलेला चार्जर सर्वांत सोईचा. परदेशातल्या लहान बोटींत ही पद्धत सर्रास आहे. बोट धक्क्याला लागली की एक वायर जोडायची, रात्रभर बॅटऱ्या भरतात, सकाळी वायर काढायची. बॅटरी उचलून घरी नेणे नाही, खांदा धरणे नाही. असा चार्जर घ्यायचा तर त्याला जितक्या बॅटऱ्या तितक्या वेगळ्या तारांच्या जोड्या असाव्यात, म्हणजे प्रत्येक बॅटरी आपापल्या भुकेप्रमाणे भरते. तो पाण्याला व मिठाला दाद न देणारा, घट्ट बंद असावा. आणि चार्जर 'तीन टप्प्यांचा' आहे का हे दुकानदाराला विचारून घ्या. पहिल्या टप्प्यात तो जोरात वीज घालतो. दुसऱ्यात १४.४ व्होल्टच्या आसपास धरून हळूहळू पोट भरतो. तिसऱ्यात साडेतेरा व्होल्टवर नुसती राखण करतो. असा चार्जर चुकून दोन दिवस चालू राहिला तरी बॅटरीचे पाणी उकळवत नाही. गॅरेजातला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा चार्जर वाईट नव्हे, पण त्याला आपले आपण थांबता येत नाही. तो लावून मालक लग्नाला गेला तर परत येईपर्यंत पट्ट्या उघड्या पडलेल्या.

चार्जर किती मोठा घ्यावा? बॅटरीच्या ॲम्पिअर-तासांचा दहावा हिस्सा. १०० ची बॅटरी असेल तर १० ॲम्पिअर. पार उतरलेली बॅटरी अशा चार्जरवर भरायला बारा-चौदा तास घेते. 'तासात फुल' करून देणाऱ्याकडे फारच अडचण असल्याखेरीज जाऊ नका. त्यात बॅटरी तापते, पट्ट्या वाकतात.

धक्क्यावरून बोटीत २३० व्होल्टची वीज न्यायची म्हणजे पाण्यात उभे राहून आगीशी खेळ आहे, हे मात्र विसरू नका. तीन तारांचीच वायर, अर्थिंग पक्के, आणि धक्क्यावरच्या पेटीत गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी असलाच पाहिजे. खांबावर आकडा टाकून किंवा जोड दिलेल्या, उघड्या तारेने बोटीत वीज नेऊ नका. बॅटरी गेली तर नवी मिळते. तसली सोय नसेल तर बॅटरी घरी आणून भरणे हेच बरे. छतावर सौर पट्टी व तिचा कंट्रोलर बसवणेही चांगले. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ती उत्तम काम देते, पण आषाढातल्या ढगांत तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

समुद्रावर बॅटरी गेली तर

एका तांडेलाने मला सांगितलेली हकिगत. थंडीचे दिवस, जाळे टाकून रात्रभर दिवे लावून ते बसले होते. बोटीत बॅटरी एकच, तीच सेल्फला आणि तीच दिव्यांना. पहाटे वारा फिरला, बोट खडकांच्या बाजूला सरकू लागली. सेल्फ मारला तर 'टक'. वायरलेसवर हाक मारावी, तर बॅटरी उतरल्याने तोही मुका. नांगर टाकला, तो सुदैवाने धरला. उजाडल्यावर दुसऱ्या बोटीने ओढून आणले. "नांगर सुटला असता तर तुमच्याशी बोलायला आज मी नसतो," असे तो म्हणाला, आणि बोलता बोलता विडी विझली तरी त्याला कळले नाही.

म्हणून माझे ठाम मत आहे की बोटीत सेल्फची बॅटरी वेगळी आणि दिव्यांची वेगळी हवी, आणि मध्ये अदलाबदलीचा स्विच हवा. या दोन बॅटऱ्या बनवतानाच वेगळ्या असतात. सेल्फच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. त्या एका दमात जोर देतात, पण रात्रभराची चाकरी त्यांना सोसत नाही. दिव्यांसाठी जाड पट्ट्यांची, घरच्या इन्व्हर्टरला असते तसली ट्यूब्युलर जातीची बॅटरी लागते. शर्यतीचा बैल नांगराला जुंपला तर काय होईल?

ज्यांच्या इंजिनाला २४ व्होल्ट लागतात त्यांच्याकडे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. इथे एक खोड मी बंदरोबंदरी पाहिली आहे. दिवे किंवा रेडिओ १२ व्होल्टचे म्हणून दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार काढतात. मग ती एक सतत उपाशी आणि दुसरी सतत अति भरलेली. दोन्ही एका वर्षात जातात. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ चे १२ करून देणारे यंत्र मिळते, ते बसवा, नाहीतर त्या कामाला वेगळी बॅटरी ठेवा. आणि जोडीतली एक गेली तर दोन्ही बदला. नव्याजुन्याची जोडी जमत नाही.

चालू इंजिनावरून बॅटरीची तार काढून ती दुसऱ्या बोटीला देणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यात अल्टरनेटर जळतो. ही परोपकाराची पद्धत महागात पडते.

बॅटरी बोटीत कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. बोटीच्या तळाशी पाणी साचते, तिथून ती पुरेशी वर हवी. खारे पाणी बॅटरीच्या तेजाबात मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो बंदिस्त जागेत जीवघेणा आहे. ती पेटीत असावी, पट्ट्याने आवळून बांधलेली असावी, कारण लाटांच्या हादऱ्यांनी पट्ट्यांवरचा मसाला झडून तळाशी साचतो. आणि इंजिनाच्या अगदी अंगाला खेटून नको. १० अंश उष्णता वाढली की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते असा ठोकताळा आहे.

बोट ओढल्यावर काय करावे

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट वर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारली की बॅटरी तिच्यातून काढून घरी आणावी. आधी काळी (ऋण) तार सोडावी, मग लाल. बसवताना याच्या उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. असे केले तर पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

घरी आणली की बुचे घट्ट लावून वरचा भाग स्वच्छ करा. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी आली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासा. फेस येईल, तो थांबेपर्यंत घासा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडे करा. सोड्याचे पाणी खणात जाऊ देऊ नका. नंतर टर्मिनलला व्हॅसलिन चोपडा. ही स्वच्छता शोभेसाठी नाही. वरचा ओला, आंबट मळ दोन टर्मिनलांमध्ये वीज झिरपण्याची वाट होतो आणि बॅटरी घरबसल्या उतरते.

मग पाणी पाहा. पट्ट्या बुडून वर साधारण १० ते १२ मिलिमीटर, किंवा पेटीवरच्या खुणेपर्यंत पाणी असावे. पट्ट्या उघड्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालून मग चार्जिंगला लावा. खुणेपर्यंत भरणे मात्र चार्जिंग झाल्यावरच, कारण भरताना पाणी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेले असेल तर तेजाब उतू जाते.

पाणी कोणते? डिस्टिल्ड, म्हणजे बाजारात 'बॅटरीचे पाणी' म्हणून मिळते तेच. इथे मी माझी फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ऑफिसच्या जीपच्या बॅटरीत मी शेजारच्या विहिरीचे पाणी घातले होते. पाणी कसे काचेसारखे स्वच्छ! पण ती किनाऱ्याची विहीर, पाण्यात मीठ. सहा महिन्यांत बॅटरी गेली आणि ड्रायव्हरने पुढची दोन वर्षे मला त्या विहिरीच्या नावाने चिडवले. असो. विहिरीचे, नळाचे, फिल्टरचे पाणी चालत नाही. पागोळ्यांचे पाणीही नको. ते आकाशातून शुद्ध पडते, पण कौलांवरची धूळ घेऊन खाली येते. आणि तेजाब तर कधीही वरून घालू नका. उडून जाते ते पाणी, तेजाब आतच असते. 'आकडा खाली आला, थोडे ॲसिड टाकतो' असे म्हणणारा गॅरेजवाला आकडा वाढवतो आणि बॅटरी घटवतो. बॅटरीला जीवदान देणाऱ्या पुड्या आणि गोळ्या जत्रेतल्या औषधांच्या रांगेत बसवाव्यात, असे माझे मत आहे.

आता चार्जर. जागा मोकळ्या हवेची असावी, ओसरी किंवा पडवी चांगली. स्वयंपाकघर नको, देवघर नको, विडी ओढणारे आजोबा शेजारी नकोत. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की एक ठिणगी पुरते, आणि मग बॅटरी फुटून तेजाब तोंडावर येते. म्हणून आधी चिमटे लावावेत, लाल ते अधिकला व काळा ते उण्याला, आणि मग बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. पाना आडवा टाकून ठिणगी पाहून 'करंट आहे का' ते बघण्याची पद्धत आजपासून बंद करा. तेजाब अंगावर पडले तर भरपूर पाणी ओता. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाणी ओतत राहा आणि मग लगेच डॉक्टर. धावपळीत आधी डॉक्टर व मग पाणी असा उलटा क्रम झाला तर डोळा जाऊ शकतो. या कामाला बसताना पाण्याची बादली शेजारी ठेवा आणि पोरांना लांब ठेवा.

भरून झाली हे कसे ओळखावे? चार्जर काढून काही तास, शक्य तर रात्रभर, बॅटरी स्वस्थ ठेवा आणि मीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर पोट भरले. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मे, आणि १२ म्हणजे पावच उरले. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. हायड्रोमीटरवर भरलेल्या बॅटरीत १.२५ ते १.२८ असा आकडा येतो, नेमका किती हे कंपनी पेटीवर किंवा पत्रकात देते. सहाही खणांचे आकडे पाहा. पाच खण सारखे आणि एकात ०.०५ ने कमी असेल तर तो खण आजारी आहे, आणि त्याच्यापायी सारी बॅटरी जाणार. नव्या बंद बॅटऱ्यांना बुचे नसतात, हिरवा डोळा असतो. पण तो डोळा एकाच खणात बघतो, बाकीच्या पाच खणांचे त्याला काही कळत नाही. तिथे मीटरवरच विसंबा.

खाडीकाठच्या एका घरात मी हे काम सूनबाईंकडे सोपवलेले पाहिले. त्यांनी शाळेच्या वहीत प्रत्येक बॅटरीचे एक पान केले आहे. तारीख, मीटरचा आकडा, सहा खणांचे सहा आकडे, पाणी किती घातले. नाखव्याला तोंडपाठ काही नसते, पण वहीत सगळे असते. बॅटरी मुदतीच्या आत बिघडली तेव्हा दुकानदार आधी हात वर करत होता. वही पुढे ठेवल्यावर त्याने मुकाट्याने बदलून दिली.

पूर्ण भरलेली बॅटरी कोरड्या, थंड जागी फळीवर ठेवा. जमीन करंट पिते असे जुने लोक म्हणतात. लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळात त्यात तथ्य होते, आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला तो धोका नाही. तरी फळी ओल आणि घाण दूर ठेवते, म्हणून ती असू द्या.

मग महिन्यातून एकदा पुन्हा भरायची. तारखा लक्षात राहत नसतील तर सण धरा. बोट ओढली की पहिले चार्जिंग, आषाढी एकादशीच्या सुमारास दुसरे, आणि बोट पाण्यात लोटण्याच्या दोन दिवस आधी तिसरे. अधिक मास आला आणि आषाढी लांबली, तर मध्ये आणखी एक. तीन टप्प्यांचा चार्जर असेल तर वीज असेल तेव्हा अधूनमधून रात्रभर लावून ठेवला तरी चालतो.

आणि पावसाळ्यातले सर्वांत मोठे पाप. वारा सुटला, माड तारांवर पडला, गावाची वीज गेली, की बोटीची बॅटरी ओसरीवर येते. तिच्यावर दिवा, तिच्यावर मोबाईल, क्रिकेटचा सामना असेल तर तिच्यावर टीव्ही. अडीनडीला वापरू नका असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण वीज आल्याबरोबर त्याच रात्री ती परत भरा. उतरलेली बॅटरी खाटेखाली सरकवून विसरली की नारळी पौर्णिमेला 'टक'.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

घाटावरच्या बंधूंनो, वरचे सारे तुम्हालाही लागू आहे. पेरणी आटोपली की ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो. पंधरवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करून ठेवणे म्हणजे बॅटरी भरणे नव्हे. सेल्फने काढले तेवढे परत गेले की नाही याचीच शंका. काळी तार सोडून ठेवा आणि महिन्याला चार्जर लावा. ट्रॅक्टरवर मोठमोठे कर्णे व रंगीत दिवे लावून लग्नाच्या वरातीत फिरवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मीटर लावून पाहावा, एवढेच सांगतो. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात लहान बंद बॅटरी असते. तीही हंगाम संपल्यावर भरून ठेवावी आणि अधूनमधून भरत राहावे. लिथियमच्या बॅटऱ्याही आता मिळतात. त्या हलक्या आहेत, पण त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीचा चार्जर त्यांना लावू नका.

नीट सांभाळलेली शिशाची बॅटरी चार-पाच वर्षे जाते. गेल्यावर तिचे काय करता? ती घरी फोडून शिसे वितळवणारे लोक गावोगाव फिरतात. त्यांना अंगणात बसू देऊ नका. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, आणि तेजाब ओढ्यात ओतले तर पाणी बिघडते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या. तिच्यातल्या शिशाला मोल असते, तेवढी रक्कम नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करून मागा आणि बिलावर तसे लिहून घ्या.